टाउनोच्या शर्टाची शेपटी

पंधरा नोव्हेंबरच्या पहाटे हेल्मी उठली ती रागातच. खरं तर ती झोपलीही रागातच होती. कॅम्पातली चूल रात्री विझली, पण हिचा राग काही विझला नाही. सकाळी त्यावर नुसती फुंकर घालायचं काम उरलं होतं, आणि त्याला तिचा धाकटा भाऊ आर्वो समर्थ होता.

"ग्लेनसाहेब, आणखी एक तुकडा घ्या ना," आर्वो म्हणत होता. "पन्नुकक्कू गरमच खायचा असतो. गार झाला की चपलेचा तळवा."

ग्लेनसाहेब खात होते. लाकडाच्या गिरणीचे हे नवे मॅनेजर, मोठ्या पुलाच्या खालच्या अंगाचे, म्हणजे पलीकडच्या शहरी मुलखातले. अंगावर नव्या कोऱ्या नारिंगी कोटाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. माणूस तसा वाईट नव्हता. हसरा होता, सगळ्यांना नावानं हाक मारत होता आणि सगळ्यांची नावं चुकवत होता. हेल्मीला तो 'हेलन' म्हणे. पन्नुकक्कू, म्हणजे अंड्यांचा फुगवलेला जाड पोळा, तिनं भाजला होता. तिच्या आईच्या तव्यात, तिनं आणलेल्या अंड्यांचा. आणि आर्वो तो असा वाढत होता, जशी याच्याच हातची करामत.

आर्वोला गिरणीत मुकादम व्हायचं होतं. म्हणून त्यानं साहेबांना हरणांच्या शिकारीच्या हंगामातल्या पहिल्या दिवसाचं आमंत्रण दिलं. तिथवर ठीक होतं. लाळ घोटायची तर घोट बाबा, ज्याचं त्याला. पण काल रात्री जागा वाटताना त्यानं बापाचं लपण, शिकारीला दबा धरून बसायचा आडोसा, साहेबांना देऊन टाकलं, आणि तिथे हेल्मीचं डोकं फिरलं.

ते लपण टाउनोनं, म्हणजे त्यांच्या बापानं, जुन्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, फळ्या काढून स्वतः बांधलं होतं. देवदारांच्या दलदलीच्या काठावर, जिथून हरणांना जावंच लागतं अशा जागी. हेल्मी चौदा वर्षांची असताना बापानं तिला पहिल्यांदा त्यात नेऊन बसवलं होतं. बायकांनी हरणांच्या कॅम्पात यायचं नाही, असा तेव्हा दंडक होता. काका लोक बोलायला लागले तर टाउनो म्हणाला होता, "माझी पोरगी येणार. ज्याला सौनात लाज वाटेल त्यानं अंघोळ घरी करून यावी." त्यानंतर यंदाच्या मार्चमध्ये बाप गेला तोवर, इतकी वर्षं, पहिल्या सकाळी त्या फळ्यांच्या आडोशाला दोघंच असत. आर्वोला तिथे कधी बसवत नव्हते, कारण त्याचे पाय स्वस्थ राहत नसत.

"मी कुठे बसू मग?" हेल्मीनं काल विचारलं होतं.

"ओढ्यापलीकडच्या खडकावर बस ना."

"त्या खडकावर आजवर खारीशिवाय काही आलेलं नाही, आर्व्या."

"मग खारी मोज," आर्वो म्हणाला होता, आणि साहेबांकडे बघून हसला होता.

सुलो काका चुलीजवळ गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. बापाचे धाकटे भाऊ. आता कॅम्पातले सगळ्यात वडील तेच. त्यांनी मध्ये पडायला हवं होतं. पण काका मूग गिळून बसले. त्यांचे दोन्ही जावई पत्त्यांत डोकं घालून होते. तेव्हा हेल्मीला कळलं की बाप गेला म्हणजे नुसता बाप जात नाही, आपल्या बाजूनं बोलणारं तोंडच जातं.

तर सकाळी ती न खाता उठली आणि बापाचा शर्ट अंगात चढवला. लाल-काळ्या चौकड्यांचा जाड लोकरी शर्ट, तिला गुडघ्यापर्यंत येणारा. धुराचा आणि बापाच्या तंबाखूचा वास अजून गेला नव्हता. तिनं तो एकदाही साबणानं धुतला नव्हता.

"अरे वा, शर्ट मोठ्या मापाचा दिसतो," ग्लेन म्हणाला. "आणि भिंतीवर हे काय? कोणाची गोधडी उसवलीय का?"

भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. चौकड्यांचे, रेघांचे, एक तर गुलाबी फुलांचासुद्धा, तो थोरल्या जावयाचा. आर्वोनं मोठ्या हौसेनं साहेबांना रीत सांगितली. पहिल्या दिवशी हरणावर गोळी झाडून जो चुकेल, त्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पँटमध्ये खोचायचा मागचा भाग, कापायची. कापायची ती त्याच्या सगळ्यात जवळच्या नातलगानं. मग त्यावर सुतारी पेन्सिलीनं नाव लिहायचं आणि कॅम्पातल्या वडीलधाऱ्यानं खिळा मारायचा.

"या भिंतीवर आमच्या बाबांचं नाव नाही," आर्वो म्हणाला. "एकट्या त्यांचंच नाही."

"आणि हा शर्ट त्यांचाच आहे," असं तो पुढे म्हणेल, म्हणून हेल्मी दारात क्षणभर थांबली. पण तो तसं म्हणाला नाही. साहेबांच्या थर्मासमध्ये कॉफी ओतायला लागला. तिनं दार आपटलं, आणि छपरावरचा बर्फ बाहेर उभ्या थोरल्या जावयाच्या मानेवर पडला. तेवढंच समाधान.

खडकावर बसून तिनं मनातल्या मनात आर्वोला इतक्या शिव्या दिल्या की थंडी जाणवली नाही. उजाडायला लागलं. ओढ्याच्या कडेनं बर्फ निळसर दिसू लागला. दूरवर, कुठल्या तरी दुसऱ्या कॅम्पाच्या बाजूला, हंगामाचे पहिले बार वाजले. बापाच्या लपणाची दिशा तिच्या डाव्या हाताला, उंचवट्याच्या पलीकडे होती. आयत्या बिळावर नागोबा, आणि तोही खोकणारा. ग्लेनचं खोकणं तिला इथवर ऐकू येत होतं.

आणि मग, खोकण्यानंच बिचकून की काय कोण जाणे, एक मादी उंचवट्यावरून खाली आली. ओढ्याशी थांबली, कान फिरवले, आणि हेल्मीच्या खडकासमोरून निघून गेली. हेल्मी हलली नाही. बाप म्हणायचा, "मादीला जाऊ दे. तिच्या मागं येणारा मूर्ख बघ."

मूर्ख आला. मान खाली घालून, मादीचा वास घेत, जगाची शुद्ध नसलेला. आठ टोकांची शिंगं. हेल्मीचा राग एकदम कुठल्या कुठे गेला. शिंगांकडे बघायचं नाही, खांद्याच्या मागं बघायचं. तिनं बापाची जुनी रायफल उचलली, श्वास अर्धा सोडला आणि घोडा दाबला.

हरणानं उडी मारली, पाठीची कमान केली, आणि शेपूट खाली दाबून उंचवट्याकडे धावलं. शेपूट खाली, म्हणजे लागली. तिला बघायचीही गरज नव्हती, तरी तिनं खडकावरून उतरून बघितलं. बर्फावर रक्त होतं. गुलाबी, फेसाळ, फुप्फुसातलं. असं हरीण लांब जात नाही. तिनं बापाच्या रीतीनं जागीच थांबून कॉफी प्यायची ठरवली. त्याला शांतपणे पडू द्यावं, मागं लागून पळवू नये.

कप तोंडाला लावला तोच उंचवट्याच्या पलीकडून बार ऐकू आला. मग दुसरा. मग, बऱ्याच वेळानं, तिसरा. आणि मग ग्लेनची आरोळी, थेट फुटबॉलच्या मैदानावरची.

रक्ताची रेघ धरून हेल्मी उंचवटा चढून उतरली. रेघ तुटली नव्हती, आंधळ्यानंही धरून चालावी अशी होती. खाली दलदलीच्या काठावर हरीण पडलं होतं. ग्लेन त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता आणि शिंगाला त्याचं परवान्याचं लेबल आधीच बांधून झालं होतं. आर्वो त्याच्या पाठीवर थापा मारत होता. सुलो काका काठी टेकत, जवळच्या झाडाखालून उठून आले होते.

"हेलन! बघितलंस का?" ग्लेन ओरडला. "पळत्याला पाडला!"

"अभिनंदन," हेल्मी म्हणाली. "आता ते लेबल सोडा. हरीण माझं आहे."

आर्वो हसला. साहेब असताना तो जसा हसे, तसा. "अगं, तुझा बार ऐकला आम्ही. तू चुकलीस, आणि ते बिचारं घाबरून साहेबांकडे आलं."

"भोकं किती आहेत?" तिनं विचारलं.

भोक एकच होतं. खांद्याच्या मागं.

"एकच ना? माझी गोळी एक. साहेबांच्या तीन. बाकीच्या कुठे गेल्या, फिरायला?"

"एक लागली की झालं," ग्लेन म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर हेल्मीला सोपं गेलं असतं.

सुलो काकांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "पहिलं रक्त ज्याचं, हरीण त्याचं," ते म्हणाले. "ही रीत आहे. रक्त कुठून सुरू होतं ते बघा, वाद मिटला."

"खडकापासून आहे, काका. मी रेघ धरूनच आले. चला, दाखवते."

"मला तो चढ जमायचा नाही, पोरी. आर्वो, तू जाऊन ये."

इथे हेल्मी चुकली. म्हणजे रायफल घेऊन चुकली नाही, माणूस ओळखायला चुकली. तिनं सरळ मान डोलावली. आर्वोवर तिचा कितीही राग असो, तो रक्ताबद्दल खोटं बोलेल हे तिच्या मनातही आलं नाही. त्यांच्या कॅम्पात सगळ्याबद्दल खोटं बोलत. माशांच्या लांबीबद्दल, पत्त्यांबद्दल, बायकोला किती वाजता घरी येतो म्हणून सांगितलंय त्याबद्दल. पण रक्ताबद्दल कोणी कधी खोटं बोललं नव्हतं. 'रक्त नाही' म्हटलं की शोध थांबतो, आणि जखमी जनावर कुठे तरी झुडपात तडफडत मरतं. चार वर्षांच्या पोराला सौनात पाठ चोळताना शिकवायची ही गोष्ट. टाउनोनं दोघांनाही एकाच बाकावर बसवून शिकवली होती.

आर्वो गेला. बराच वेळ लागला त्याला. परत आला तेव्हा तो धापा टाकत होता आणि साहेबांकडेच बघत होता.

"रक्त नाही," तो म्हणाला. "खडकापासून उंचवट्यापर्यंत एक थेंब नाही. पाय उमटलेत नुसते."

हेल्मीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालास?"

"नाही म्हटलं ना. आता लहान पोरासारखं करू नकोस. चुकते कधी कधी गोळी. बाबांची रायफल घेतली म्हणून कोणी बाबा होत नाही."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. हेल्मीची जागच्या जागी गोठली. जावयांना हाका मारून सगळे हरीण ओढायला लागले, आणि ती उलट पावली उंचवटा चढली.

रेघ गेली होती. जिथे जिथे रक्त होतं तिथे तिथे बुटानं बर्फ लोटलेला होता, आणि वरून फरच्या झाडाची फांदी फिरवलेली. फांदी तिथेच टाकून दिली होती. आळशी माणूस, पापसुद्धा नीट झाकत नाही. हेल्मी गुडघ्यांवर बसली, हातमोजे काढले आणि बर्फ उकरला. खाली लाल होतंच. तिनं तो लाल बर्फ मुठीनं थर्मासच्या कपात भरला, गच्च दाबून. बोटं बधिर झाली. रडू येत होतं, पण तिला स्वतःचीच इतकी चीड आली की ते तिनं गिळलं. हरणासाठी रडायला ती काही पुलाच्या खालच्या अंगाची नव्हती. आणि भावासाठी रडायचं, तर असल्या भावासाठी?

ती कॅम्पात पोचली तेव्हा हरीण बाहेर बल्लीला टांगलेलं होतं आणि आत मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या गरम होत होत्या. चूल भडकली होती. ग्लेन आपली गोष्ट जावयांना तिसऱ्यांदा सांगत होता, आणि हरीण दर वेळी जोरात पळत होतं. हेल्मीनं कप टेबलावर आर्वोच्या ताटलीशेजारी ठेवला.

आर्वोनं कपात पाहिलं. मग घाईनं म्हणाला, "हे पोट फाडलं तिथलं आणलं असशील."

"मी तुला काही विचारलं का?" हेल्मी म्हणाली.

सुलो काकांनीही कपात पाहिलं. जावयांनी पाहिलं. कुणी पेस्टीचा घास चावेना. तेवढ्यात ग्लेनला भिंत आठवली. त्यानं चुलीवरच्या खुंटीवरून कात्री काढली आणि हवेत दोनदा वाजवली.

"चला! रीत म्हणजे रीत! आता हेलनच्या शर्टाची शेपटी!"

"साहेब, असू द्या," आर्वो म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "ती गंमत असते नुसती. बायकांना... म्हणजे, सोडून द्या."

"का सोडायची?" हेल्मीनं कोट काढून खुंटीला अडकवला. "माझा बार चुकला असं तूच म्हणालास ना? मग काप. जवळच्या नातलगानं कापायची. माझा सगळ्यात जवळचा तूच उरलायस."

"हेल्मी, उगाच तमाशा करू नकोस."

"साहेब, कात्री त्याच्याकडे द्या."

ग्लेननं हसत कात्री दिली. हेल्मीनं आर्वोकडे पाठ केली आणि शर्ट पँटमधून ओढून बाहेर काढला. लाल-काळ्या चौकड्यांची शेपटी गुडघ्यामागं लोंबायला लागली. अखंड. इतक्या वर्षांत कुणाच्या कात्रीनं न शिवलेली.

"पोरी, हा टाउनोचा..." सुलो काका अर्धवट उठले.

"बसा काका. काल रात्री गप्प बसलात, आताही बसा."

काका बसले. आर्वो मागं उभा होता. त्याचा श्वास तिला मानेवर जाणवत होता. तिला वाटलं, आता बोलेल. आता कात्री खाली ठेवील आणि म्हणेल, मी बर्फ लोटला, माझी चूक झाली. एवढं बोलला असता तर तिनं हरीण साहेबाला देऊन टाकलं असतं. शिंगंसुद्धा. चूल तडतडत होती. तिनं वाट पाहिली, जेवढी एखाद्या माणसाची पाहता येते तेवढी.

"काप म्हणते ना, आर्व्या."

लोकर जाड होती, एका झटक्यात कापली जाईना. कात्री करकरत, अडखळत गेली. कापड वाकडं फाटलं. शेवटी तुकडा त्याच्या हातात आला, आणि तो हातात मेलेलं पाखरू धरावं तसा उभा राहिला.

हेल्मीनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला. टेबलावर पसरून हातानं सारखा केला. सुतारी पेन्सिलीला थुंकी लावली आणि लाल चौकड्यांवर जोर देऊन लिहिलं. लिहून झालं तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं तुकडा सुलो काकांसमोर धरला.

काकांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि हेल्मीकडे पाहिलं. मग वळून आर्वोकडे पाहिलं, बराच वेळ. आर्वो मान खाली घालून बुटांकडे बघत होता. काका गुडघे धरून उठले, हातोडी घेतली, एक खिळा उचलला, आणि तुकडा भिंतीवर लावला. दोन घाव घातले. तिसरा इतका जोरात घातला की कपाटातल्या बशा वाजल्या.

ग्लेन जवळ जाऊन बघायला लागला. "आर्वो?" त्यानं वाचलं. "पण आर्वोनं तर आज एकही गोळी झाडली नाही!"

थोरला जावई आपल्या पेस्टीकडे बघत होता. धाकट्यानं, जो वर्षानुवर्षं थोरल्याशी बोलत नव्हता, त्याच्यापुढे मीठ सरकवलं. ग्लेननं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग कपाकडे, मग बाहेर टांगलेल्या हरणाकडे. मूर्ख नव्हता तो. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

हेल्मीनं कोट चढवला आणि रायफल खांद्याला अडकवली.

"साहेब, तुमचं हरीण झालं," ती म्हणाली. "परवान्याचं लेबलही लागलं. म्हणजे लपण रिकामं आहे. माझ्या बापाच्या जागेवर आता मी जाते, आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही. तिथे कुणी आलं तर आधी लांबून हाक मारावी."

"हेलन, मला माहीत नव्हतं..."

"हेल्मी," सुलो काका म्हणाले. "नाव हेल्मी आहे तिचं."

ती दाराशी पोचली. मागून आर्वो चुलीवरची किटली घेऊन दोन पावलं पुढे आला. लहानपणी तिची बाहुली मोडून झाल्यावर हा असाच काही तरी हातात घेऊन यायचा.

"बाहेर थंडी वाढतेय," तो म्हणाला. "कॉफी तरी घेऊन जा."

कपातला बर्फ एव्हाना वितळला होता. तळाशी लाल पाणी होतं, त्यात फरचं एक पान तरंगत होतं.

"कप तुझ्यापुढेच आहे," हेल्मी म्हणाली. "तो आधी रिकामा कर."